सगळ्यांना माफ करणारा नेता: रॉबर्ट मुगाबे आणि झिम्बाब्वे

नोव्हेंबर २००० मध्ये नागपूरच्या मैदानावर झिम्बाब्वेच्या अँडी फ्लॉवरने नाबाद २३२ धावा केल्या. सचिन नाबाद २०१, द्रविड १६२, दास ११०, भारताचा ६०९ धावांचा डोंगर, पाहुण्यांवर फॉलोऑन, आणि तरीही सामना अनिर्णित. नागपूरकर क्रिकेटवेड्यांना ती खेळी अजून आठवत असेल. त्याच महिन्यात तिकडे हरारेत दोनशेच्या आसपास माजी स्वातंत्र्यसैनिक सर्वोच्च न्यायालयात घुसले, बाकांवर चढून नाचले आणि न्यायाधीशांना ठार मारण्याच्या घोषणा देत राहिले. सव्वादोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २००३ रोजी, हाच फ्लॉवर आणि वेगवान गोलंदाज हेन्री ओलोंगा विश्वचषकाच्या सामन्यात दंडाला काळी फीत बांधून उतरले. आमच्या प्रिय झिम्बाब्वेत लोकशाही मेली आहे, तिचा शोक म्हणून ही फीत, असं त्यांनी लेखी जाहीर केलं. दोघांचीही आंतरराष्ट्रीय कारकीर्द त्या स्पर्धेबरोबर संपली.

आपल्याकडे मुगाबे म्हटलं की दोन गोष्टी आठवतात: गोऱ्यांच्या हिसकावलेल्या शेतजमिनी आणि चौदा शून्यांची नोट. म्हणजे २००० नंतरच्या. त्याआधीचे मुगाबे चांगले होते, वीस वर्षं राज्य नीट चाललं, मग म्हातारपणी सत्तेने डोकं फिरलं, असं सर्रास लिहिलं जातं. मला हे मुळीच पटत नाही. २००० मध्ये जे गोऱ्या शेतकऱ्यांच्या आणि शहरी मतदारांच्या वाट्याला आलं, ते १९८३ मध्ये देशाच्या पश्चिमेकडच्या माताबेलेलँडच्या खेड्यांनी त्याहून कितीतरी भयंकर स्वरूपात भोगलं होतं. फरक इतकाच, की तेव्हा जगाने टाळ्या थांबवल्या नाहीत. त्यात आपणही होतो.

म्हणून हे प्रकरण १९८० पासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून वाचायला हवं.

शिक्षक, कैदी, नेता

मुगाबेंचा जन्म २१ फेब्रुवारी १९२४ चा, राजधानीच्या पश्चिमेला असलेल्या कुटामा मिशनजवळचा. वडील सुतार, मुलगा दहा वर्षांचा असताना ते घर सोडून गेले. जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत हा अबोल, पुस्तकात डोकं खुपसून बसणारा मुलगा वाढला आणि शिक्षक झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या फोर्ट हेअर विद्यापीठातून त्यांनी १९५१ मध्ये पदवी घेतली. नंतर ते घानात शिकवायला गेले. तिथे त्यांनी स्वतंत्र झालेला आफ्रिकी देश पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला आणि सॅली हेफ्रन ही सहचारिणी मिळवली. १९६० मध्ये मायदेशी परतले आणि चळवळीत उतरले.

तेव्हा देशाचं नाव होतं दक्षिण ऱ्होडेशिया. १९३० च्या जमीनवाटप कायद्याने देशाची निम्मी जमीन, आणि त्यातही चांगली जमीन, मूठभर गोऱ्यांसाठी राखून ठेवली होती. मुगाबेंना पकडलं, शिक्षा झाली, शिक्षा संपल्यावरही सोडलं नाही. स्थानबद्धतेच्या हुकमावर त्यांना डांबून ठेवलं ते १९७४ च्या अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे अकरा वर्षं. तुरुंगात ते पत्राद्वारे लंडन विद्यापीठाच्या पदव्या घेत होते आणि सोबतच्या कैद्यांना शिकवत होते. १९६६ च्या अखेरीस घानात त्यांचा तीन वर्षांचा एकुलता एक मुलगा तापाने दगावला. त्याचं नाव न्हामोद्झेनिका, अर्थ साधारण 'देशाचं दुःख'. अंत्यविधीसाठी पॅरोल मागितला. गोरे पंतप्रधान इयान स्मिथ यांच्या सरकारने नाकारला.

पुढे अनेकांनी मुगाबेंच्या क्रौर्याचा उगम या जखमेत शोधला. जखम खरीच होती. पण १९६९ मध्ये नेल्सन मंडेलांचा मोठा मुलगा अपघातात गेला, तेव्हा त्यांनाही अंत्यविधीला जाऊ दिलं नव्हतं. झिम्बाब्वेचे दुसरे थोर नेते जोशुआ न्कोमो यांनीही दहा वर्षं स्थानबद्धतेत काढली होती. त्यांनी कुणी खेड्यांवर फौज सोडली नाही. दुःखाने माणूस घडतो की बिघडतो याचा हिशेब मांडण्यापेक्षा त्याच्या हातात कोणती साधनं आली आणि त्याला कुणी अडवलं का, हे तपासणं मला जास्त गरजेचं वाटतं.

सुटकेनंतर १९७५ मध्ये ते एडगर टेकेरे या सहकाऱ्यासह सीमा ओलांडून मोझांबिकमध्ये गेले आणि झानू पक्षाच्या सशस्त्र लढ्याचा चेहरा बनले. त्या युद्धात किमान तीस हजार माणसं मेली. डिसेंबर १९७९ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये युद्ध थांबवणारा करार झाला, फेब्रुवारी १९८० मध्ये निवडणूक झाली आणि काळ्या मतदारांच्या ८० पैकी ५७ जागा मुगाबेंनी जिंकल्या. न्कोमोंच्या झापूला २० मिळाल्या, त्यातल्या बहुतेक न्देबेलेबहुल माताबेलेलँडमधल्या. देशातले तीन चतुर्थांशांहून अधिक लोक शोना, मुगाबेही शोना. फाळणीची रेघ तेव्हाच नकाशावर दिसत होती.

माणसं माफ, हत्यारं जतन

१८ एप्रिल १९८० च्या मध्यरात्री रुफारो स्टेडियमवर झेंडा चढला. बॉब मार्ली गायला, इंदिरा गांधी हजर होत्या. मुगाबेंनी गोऱ्यांना उद्देशून काढलेले उद्गार आजही अंगावर काटा आणतात: काल मी तुमच्याशी शत्रू म्हणून लढलो असेन, तर आज तुम्ही मित्र झाला आहात, तुमचे हक्क आणि कर्तव्यं माझ्याइतकीच. ज्याने आपल्याला अकरा वर्षं कोंडलं त्या इयान स्मिथला त्यांनी हात लावला नाही. तो त्याच देशात, आपल्या घरात राहिला आणि १९८७ पर्यंत संसदेतही बसला. हे खोटं नाटक होतं असं मी म्हणणार नाही. त्या रात्री लाखो लोक सूडाच्या भीतीतून मोकळे झाले, हे मोठंच काम होतं.

पण त्या माफीत एक गोष्ट कुणी नीट पाहिली नाही. स्मिथच्या राजवटीची माणसं माफ झाली आणि तिची हत्यारंही तशीच राहिली. १९६५ मध्ये पुकारलेली आणीबाणी उठली नाही. दर सहा महिन्यांनी संसद ती वाढवत गेली, थेट १९९० पर्यंत. कुणालाही खटल्याविना डांबायची सोय त्यात होती. १९६० चा 'कायदा व सुव्यवस्था' कायदा इतका जुलमी होता की तो आणल्याच्या निषेधार्थ तेव्हाच्या गोऱ्या सरन्यायाधीशांनी राजीनामा दिला होता. तोही २००२ पर्यंत टिकला आणि मग तशाच दुसऱ्या कायद्याने त्याची जागा घेतली. सीआयओ ही गुप्तचर संघटना राहिली, एवढंच काय तिचा प्रमुख केन फ्लॉवरही राहिला. सैन्य, पोलीस आणि हेर यांचा मिळून चालणारा 'संयुक्त कारवाई विभाग' हाही गोऱ्यांच्या युद्धकाळातलाच. हे नाव लक्षात ठेवावं, पुढे २००८ मध्ये ते पुन्हा येतं.

स्वातंत्र्याला चार महिने होत नाहीत तोच एक खटला उभा राहिला. मंत्री आणि पक्षाचे सरचिटणीस असलेल्या टेकेरे यांच्यावर एका गोऱ्या शेती-व्यवस्थापकाच्या खुनाचा आरोप होता. न्यायालयाने त्यांना सोडलं, ते कशाच्या आधारावर? दहशतवाद मोडण्यासाठी मंत्र्यांनी आणि सैनिकांनी 'सद्हेतूने' केलेल्या कृत्यांना संरक्षण देणाऱ्या, स्मिथने १९७५ मध्ये केलेल्या कायद्याच्या आधारावर! काळ्या गनिमांना बेधडक मारता यावं म्हणून केलेल्या कायद्याने काळा मंत्री सुटला. १९८२ मध्ये तशाच अर्थाचे नियम सरकारने स्वतः नव्याने काढले. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथे आहे. दारं तीच, कुलपं तीच. फक्त किल्ल्यांचा जुडगा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेला गेला.

त्या काळात चांगलंही भरपूर झालं, आणि ते सांगितलं नाही तर लबाडी होईल. प्राथमिक शिक्षण मोफत झालं. माध्यमिक शाळांतली मुलं लाखाच्या आतून काही वर्षांत पाच लाखांवर गेली. दवाखाने खेड्यापर्यंत पोचले, लसीकरण वाढलं. झिम्बाब्वे आफ्रिकेतल्या सर्वांत साक्षर देशांपैकी एक झाला. हा शिक्षक शाळेच्या बाबतीत मनापासून काम करत होता. म्हणूनच डोळेझाक करणाऱ्यांना सबब मिळत गेली.

वळवाचा पाऊस

ऑक्टोबर १९८० मध्ये, म्हणजे सलोख्याच्या भाषणाला सहा महिनेच झाले असताना, मुगाबेंनी उत्तर कोरियाशी करार केला. १०६ कोरियन प्रशिक्षक आले आणि त्यांनी पाचवी ब्रिगेड तयार केली. ही फौज नेहमीच्या लष्करी साखळीत नव्हती, थेट पंतप्रधानांना बांधील होती. गणवेशावर लाल टोपी. तिला नाव दिलं 'गुकुराहुंडी'. पेरणीआधी येऊन खळ्यातली फोलपटं धुऊन नेणारा पहिला पाऊस, असा त्या शोना शब्दाचा अर्थ. आपल्याकडच्या शेतकऱ्याला वळवाचा पाऊस म्हटलं की मातीचा वास येतो. माताबेलेलँडमध्ये त्या शब्दाने आजही माणसं गप्प होतात.

निमित्त होतं बंडखोरांचं. न्कोमोंच्या जुन्या सैन्यातले काही जण पळून रानात गेले होते, त्यातल्या काहींना दक्षिण आफ्रिकेतलं वर्णद्वेषी सरकार शस्त्रं पुरवत होतं, आणि त्यांनी खून-दरोडेही केले होते. फेब्रुवारी १९८२ मध्ये झापूच्या मालकीच्या शेतांवर शस्त्रसाठा सापडला. न्कोमो मंत्रिमंडळातून गेले, पुढच्या वर्षी जीव वाचवायला बोट्स्वानामार्गे लंडनला पळाले. लुकआउट मासुकू आणि डुमिसो डाबेंग्वा या झापूच्या दोन सेनानींवर राजद्रोहाचा खटला चालला. एप्रिल १९८३ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं आणि सरकारने त्यांना लगेच पुन्हा पकडलं, त्याच आणीबाणीच्या कलमांखाली ज्यांनी मुगाबे स्वतः वर्षानुवर्षं आत होते. मासुकू १९८६ मध्ये मरणाच्या दारात असताना सुटले आणि महिन्याभरात गेले.

जानेवारी १९८३ मध्ये पाचवी ब्रिगेड उत्तर माताबेलेलँडमध्ये उतरली. तिचा सेनापती पेरेन्स शिरी. सैनिक गावाला शाळेच्या किंवा विहिरीच्या आवारात गोळा करत. शोना भाषेत झानूची गाणी म्हणायला लावत, ज्यांना ती भाषा येत नव्हती त्यांनाही. मग काही जणांना बाजूला काढत. मेलेल्यांना उथळ खड्ड्यांत पुरायला लावून त्यांच्याच घरच्यांना त्या मातीवर नाचायला लावल्याच्या साक्षी आहेत. रडणाऱ्याला मार, किंवा गोळी. ५ मार्च १९८३ रोजी लुपाने भागात सेवाले नदीच्या काठी ६२ तरुण मुलामुलींना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. सात जण जखमी होऊन वाचले, म्हणून हे कळलं.

१९८४ मध्ये फौज दक्षिण माताबेलेलँडमध्ये गेली. दुष्काळाचं ते लागोपाठ तिसरं वर्ष. सरकारने संचारबंदी लावली, दुकानं बंद केली, धान्याच्या गाड्या अडवल्या. सुमारे चार लाख लोकांची अन्नकोंडी झाली. तिथलं रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शोना भाषेत साद्झा. ते पीठच येईना. एखाद्याच्या घरात सापडलं तर सैनिक ते मातीत ओतत आणि शेजाऱ्याला वाटून खाल्लंत म्हणून झोडपत. बालाग्वे इथे छावणी होती. तिथे मेलेल्यांची प्रेतं रात्री ट्रकमधून नेऊन अँटेलोप खाणीच्या जुन्या विवरात टाकत.

किती मेले? सर्वसाधारणपणे वीस हजारांचा आकडा दिला जातो. कॅथलिक चर्चच्या न्याय व शांती आयोगाने साक्षी गोळा करून १९९७ मध्ये अहवाल तयार केला, त्यामुळे निदान गावांची, तारखांची नोंद झाली. आणि ज्यांच्या नावाने हे सगळं केलं ते बंडखोर? १९८८ मध्ये माफी जाहीर झाल्यावर जंगलातून बाहेर आले ते १२२ जण.

या १९८३-८४ मध्ये जग काय करत होतं? कॅथलिक बिशपांनी १९८३ च्या ईस्टरला पत्र काढून अत्याचार थांबवा म्हणून सांगितलं होतं, परदेशी वार्ताहरांनी बातम्या दिल्या होत्या. कुणाला माहीत नव्हतं असं नाही. तरी १९८४ मध्ये, नेमक्या त्या अन्नकोंडीच्या वर्षी, एडिनबरा विद्यापीठाने मुगाबेंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९८६ मध्ये अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद हरारेत भरली आणि राजीव गांधींनी अध्यक्षपद मुगाबेंच्या हाती दिलं. १९८९ सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार त्यांना मिळाला. १९९४ मध्ये ब्रिटनच्या राणीने सन्माननीय 'सर' केलं. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या दाराशी उभा असलेला हा लढवय्या सगळ्यांना हवा होता. गोऱ्यांच्या जमिनी सुरक्षित होत्या तोवर लंडनलाही तो चालत होता. मरत होती ती न्देबेले खेडुतं, त्यांचा वकील कुणी नव्हता.

डिसेंबर १९८७ मध्ये थकलेल्या न्कोमोंनी ऐक्य करारावर सही केली. झापू झानूत विरघळला. घटना त्याआधीच बदलली होती, वर्षाच्या अखेरीस मुगाबे सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी बंडखोरांना माफी दिली, आणि पाठोपाठ तीच माफी सैनिकांनाही लावली. एकाही खड्ड्याचा हिशेब झाला नाही.

एका माफीतून दुसरी

१९८८ च्या अखेरीस बुलावायोच्या 'क्रॉनिकल' या वृत्तपत्राने छापलं, की मंत्री कारखान्यातून सरकारी दराने मोटारी उचलतात आणि दुप्पट-तिप्पट भावाने विकतात. चौकशी आयोग बसला, उघड सुनावण्या झाल्या, मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्यातल्या एका जुन्या स्वातंत्र्यसैनिक मंत्र्याने लाजेने विष घेतलं. हे महत्त्वाचं आहे: तोवर पक्षात लाज शिल्लक होती. पण खोटी साक्ष दिल्याबद्दल ज्या एका मंत्र्याला तुरुंगवास झाला, त्याला मुगाबेंनी लगेच माफी दिली. संपादक जेफ नियारोटांना 'बढती' देऊन खुर्चीवरून उठवलं. १९९० च्या निवडणुकीत ग्वेरू शहरात उपराष्ट्राध्यक्षांविरुद्ध उभ्या राहिलेल्या पॅट्रिक कोम्बायींवर गोळ्या झाडल्या. ते जबर जखमी झाले, एक हेर आणि एक पक्षकार्यकर्ता दोषी ठरले, दोघांनाही माफी. २००० च्या रक्तरंजित निवडणुकीनंतर ऑक्टोबरमध्ये पुन्हा माफीचा हुकूम निघाला, खून-बलात्कारासारखे गुन्हे वगळून. मारहाण, जाळपोळ, अपहरण, छळ, सगळं माफ.

१९८० मध्ये शत्रूला दिलेली माफी आणि नंतर आपल्या माणसांना दिलेल्या या माफ्या दिसायला सारख्या. पहिलीने युद्ध थांबलं. पुढच्या प्रत्येकीने लाठी-बंदूकवाल्याला कळलं, की वर हात असलेल्याला काही होत नाही. पंधरा-वीस वर्षांत अशी एक पिढीच तयार झाली.

जमीन

जमिनीचा अन्याय खरा होता, आणि तो मुगाबेंनी शोधून काढलेला नव्हता. १९८० मध्ये सुमारे सहा हजार गोऱ्या शेतकऱ्यांकडे दीड कोटी हेक्टरहून अधिक जमीन होती, देशाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. आणि लाखो काळी कुटुंबं खडकाळ, कमी पावसाच्या राखीव पट्ट्यांत दाटीवाटीने राहत होती. लँकेस्टर हाउसच्या कराराने दहा वर्षं हात बांधले होते: विकणारा तयार असेल तरच सरकारने घ्यायची. 'कसेल त्याची जमीन' हे ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न समजावून सांगायला नको.

पण १९९० मध्ये ते बंधन संपलं. १९९२ मध्ये सक्तीच्या संपादनाचा कायदाही झाला. तेव्हा काय झालं? १९९४ मध्ये उघड झालं, की भूमिहीनांसाठी घेतलेल्या शेतांपैकी कित्येक मंत्र्यांनी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतःच्या नावे भाडेपट्ट्याने घेतली होती. १,६२,००० कुटुंबांच्या पुनर्वसनाचं लक्ष्य होतं, त्याच्या निम्म्यापर्यंतही मजल गेली नाही. ज्या माणसाला जमिनीची खरोखर कळकळ असती, त्याच्याकडे १९९० ते २००० ही दहा वर्षं होती.

मग जमीन अचानक २००० मध्येच का पेटली? उत्तर मतपेटीत आहे. १९९७ मध्ये माजी स्वातंत्र्यसैनिक चेंजेराय हुन्झ्वींच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर आले, कारण त्यांच्या जखमांसाठीचा भरपाई निधी बड्यांनी बनावट अपंगत्व दाखवून लुटला होता. खुद्द हुन्झ्वींनीही त्यावर हात मारलेला. मुगाबे घाबरले. पन्नास हजारांच्या आसपास सैनिकांना प्रत्येकी ५०,००० झिम्बाब्वे डॉलर आणि शिवाय मासिक पेन्शन मंजूर केली. तिजोरीत पैसा नव्हता. १४ नोव्हेंबर १९९७ या एका दिवसात चलन सत्तर टक्क्यांच्या आसपास कोसळलं. पुढच्या वर्षी दहा-अकरा हजार सैनिक काँगोच्या युद्धात पाठवले, तो खर्च वेगळा. महागाईने कंबर मोडलेल्या कामगारांतून सप्टेंबर १९९९ मध्ये मॉर्गन त्स्वांगिराई यांचा एमडीसी पक्ष उभा राहिला. फेब्रुवारी २००० मध्ये मुगाबेंनी नव्या घटनेवर सार्वमत घेतलं आणि सुमारे ५५ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. वीस वर्षांतला हा त्यांचा पहिला पराभव. काही दिवसांतच गोऱ्यांच्या शेतांवर माजी स्वातंत्र्यसैनिकांच्या चढाया सुरू झाल्या.

न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. सरन्यायाधीश अँथनी गब्बे यांना, तुमच्या सुरक्षेची हमी देता येणार नाही असं सांगून, २००१ मध्ये घरी पाठवलं. 'डेली न्यूज' या सरकारवर टीका करणाऱ्या वर्तमानपत्राचा छापखाना स्फोटाने उडाला. जून २००० मध्ये एमडीसीने १२० पैकी ५७ जागा घेतल्या होत्या, झानूने ६२. इतकी चुरस होती.

गोऱ्या शेतकऱ्यांची गोष्ट जगभर छापून आली. त्यांच्या शेतांवरच्या मजुरांची फारशी आली नाही, म्हणून इथे सांगतो. तीन लाखांहून अधिक शेतमजूर, त्यांच्या बायकामुलांसह पंधरा लाखांच्या पुढे माणसं. अनेकांचे आजे-पणजे मलावी, मोझांबिकमधून आलेले. शेत गेलं की त्यांचं घर, दवाखाना, शाळा एकदमच जाई, कारण सगळं त्या शेतावरच असे. ते काळे होते, भूमिहीन होते, जमीनसुधारणेचा पहिला हक्क त्यांचाच होता. त्यांना 'गोऱ्यांचे कुत्रे' म्हणून हाकललं आणि २००१ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यातल्या बदलाने त्यांतल्या कित्येकांचं नागरिकत्वही काढून घेतलं.

अर्थव्यवस्था कशी ढासळली, तिची यंत्रणा साधी आहे. शेताचा मालकीदाखला बँकेकडे गहाण ठेवून हंगामासाठी कर्ज मिळे; सरकारने मालकी रद्द केली तेव्हा कर्ज बुडालं आणि नवं मिळायचं दार बंद झालं. नव्या कब्जेदाराकडे कागद नव्हता, त्यामुळे बियाणं-खत उधार मिळेना. तंबाखूचं पीक २००० मध्ये २३ कोटी किलोंच्या वर होतं. २००८ मध्ये पाच कोटी किलोंच्याही खाली आलं. तंबाखू गेला म्हणजे परकी चलन गेलं. ते गेलं म्हणजे डिझेल, औषधं, सुटे भाग गेले. (पुढे छोट्या काळ्या शेतकऱ्यांनी करारशेतीतून तंबाखू पुन्हा २५ कोटी किलोंपर्यंत नेला. म्हणजे जमीन वाटणं चूक नव्हतं, ती अशी वाटणं चूक होतं. हे मुगाबेंच्या टीकाकारांनीही प्रामाणिकपणे कबूल करावं.) तूट भरायला रिझर्व्ह बँकेने नोटा छापल्या. जून २००७ मध्ये सरकारने दुकानदारांना भाव निम्मे करायचा हुकूम दिला, आणि काही दिवसांत फळ्या रिकाम्या झाल्या. जुलै २००८ मध्ये सरकारी आकड्यानुसार महागाईचा दर २३ कोटी १० लाख टक्के होता. नोव्हेंबरात भाव जवळपास रोज दुप्पट होत होते. जानेवारी २००९ मध्ये शंभर लाख कोटींची नोट आली, तिच्यावर एकमेकांवर तोललेल्या तीन शिळांचं चित्र. काही आठवड्यांत ते चलनच मेलं, लोक अमेरिकी डॉलर आणि दक्षिण आफ्रिकी रँड वापरू लागले. ज्या शिक्षकाने शाळा उभारल्या, त्याच्या राज्यात शिक्षकाचा महिन्याचा पगार बसभाड्याला पुरेना. शिक्षक लिंपोपो नदी ओलांडून दक्षिण आफ्रिकेत वेटर आणि मोलकरणी झाले.

आर्थिक निर्बंधांमुळे हे झालं, असं मुगाबे अखेरपर्यंत सांगत राहिले, आणि आपल्याकडेही काही जण तसं मानतात. अमेरिकेचा निर्बंधांचा कायदा डिसेंबर २००१ चा, युरोपचे निर्बंध २००२ चे. चलन कोसळलं १९९७ मध्ये.

मत कुणाला दिलंत?

शहरं विरोधकांना मतं देत होती. मे २००५ मध्ये शहरांवर बुलडोझर फिरले. मोहिमेचं नाव 'मुराम्बात्स्विना', केरकचरा झाडून टाका. संयुक्त राष्ट्रांच्या दूत ॲना तिबायजुका यांच्या अहवालानुसार सात लाख लोकांचं घर किंवा रोजगार किंवा दोन्ही गेलं, तेही हिवाळ्याच्या तोंडावर.

२९ मार्च २००८ ला मतदान झालं. निकाल पाच आठवडे दाबून ठेवला: त्स्वांगिराई ४७.९ टक्के, मुगाबे ४३.२. दुसरी फेरी ठरली आणि मधल्या काळात 'संयुक्त कारवाई विभागा'ने, स्मिथच्या त्याच जुन्या विभागाने, प्रचार हाती घेतला. खेड्यात फिरणाऱ्या टोळ्यांच्या मोहिमेला लोकांनी ओळखलं ते 'माकाव्होटेरापापी' या नावाने: मत कुणाला दिलंत? शंभराहून अधिक विरोधी कार्यकर्ते मारले गेले, हजारोंची हाडं मोडली. २२ जूनला त्स्वांगिराईंनी माघार घेतली आणि नेदरलँड्सच्या वकिलातीत आसरा घेतला. एकटे मुगाबे ८५ टक्क्यांनी 'जिंकले'. त्या वर्षीच्या पावसाळ्यात हरारेच्या नळाला पाणी नव्हतं, पाणी शुद्ध करायची रसायनं नव्हती, मोठी रुग्णालयं बंद होती. कॉलऱ्याने ४,२०० हून अधिक लोक मेले.

दक्षिण आफ्रिकेच्या थाबो म्बेकींच्या मध्यस्थीने दोन्ही पक्षांचं संयुक्त सरकार आलं, थोडा श्वास मिळाला, २०१३ ची निवडणूक मुगाबेंनी पुन्हा घेतली. मग दुसऱ्या पत्नी ग्रेस यांना वारस करायचा घाट घातला. ६ नोव्हेंबर २०१७ ला उपराष्ट्राध्यक्ष एमर्सन म्नांगाग्वा यांना काढलं. आठवड्यात रणगाडे रस्त्यावर आले. २१ तारखेला ९३ वर्षांच्या मुगाबेंनी राजीनामा दिला. हरारेत लोक मोटारींच्या टपांवर चढून नाचले, सैनिकांना मिठ्या मारत.

त्यांच्या जागी बसलेले म्नांगाग्वा हे १९८३ मध्ये देशाच्या अंतर्गत सुरक्षेचे, म्हणजे हेरखात्याचे मंत्री होते. त्यांनी पेरेन्स शिरी यांना कृषी आणि जमीन खात्याचं मंत्री केलं.

मुगाबे ६ सप्टेंबर २०१९ रोजी सिंगापूरच्या रुग्णालयात वारले. आपल्या देशात त्यांना उपचारासाठी भरवशाचं रुग्णालय राहिलं नव्हतं. घरच्यांनी सरकारशी वाद घालून त्यांना राष्ट्रवीरांच्या स्मशानाऐवजी कुटामाच्या घराच्या अंगणात पुरलं.

माताबेलेलँडमध्ये अजून अशी माणसं आहेत, ज्यांच्या बापाचा मृत्युदाखला नाही, कारण त्याला कुणी मारलं हे कागदावर लिहायला कारकून तयार नव्हता. बापाचा दाखला नाही म्हणून मुलाचा जन्मदाखला नाही. तो नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म नाही, ओळखपत्र नाही, आणि पुढे त्याच्या मुलांचाही दाखला नाही. जुलै २०२४ मध्ये म्नांगाग्वा सरकारने गावोगावच्या पारंपरिक प्रमुखांमार्फत साक्षी घ्यायची योजना जाहीर केली. बालाग्वेच्या छावणीच्या जागी स्थानिक कार्यकर्त्यांनी मेलेल्यांच्या नावे स्मृतिफलक बसवला होता. तो चोरीला गेला. पुन्हा बसवला, तो फोडला. त्यानंतर बसवलेला सुरुंगाने उडवला. कुणालाही शिक्षा झालेली नाही.